‘लघुग्रह आदळणार’ असा मेसेज आला की काय करायचं

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. ‘मावशी, २०३२ ला सगळं संपणार म्हणतात. कर्जाचे हप्ते भरत राहू का?’ खाली चित्र होतं. पृथ्वीच्या निम्म्या आकाराचा एक दगड, ज्वाळांसकट. मी उत्तर दिलं, ‘हप्ते भर. झोप.’

पण सकाळी उठून त्याला नीट समजावायला बसले तेव्हा लक्षात आलं की हे दोन ओळींत सांगायचं काम नाही. मी तीस वर्षं विम्याची सर्व्हेअर होते. जळलेली गोदामं, बुडालेला माल, कोसळलेल्या भिंती बघायच्या आणि नुकसानीचा आकडा खरा किती ते सांगायचं, हा माझा धंदा. त्यातून एक खोड लागली: आकडा समोर आला की तो कुणी मोजला, कधी मोजला आणि कशावरून, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. निवृत्तीनंतर मी दुर्बिणींचे फोटो तपासून लघुग्रह शोधणाऱ्या हौशी लोकांत सामील झाले. तिथंही हीच खोड कामाला आली. आता असा मेसेज आला की मी काय काय बघते, ते माझ्या क्रमानं सांगते.

आधी नाव शोधा

बातमीत दगडाचं नाव नसेल तर ती तिथंच मिटवा. ‘एक महाकाय लघुग्रह’ असं नाव कशाचंही नसतं. खऱ्या बातमीत ‘२०२४ वायआर४’ सारखं काहीतरी सापडतंच, आणि ते नाव म्हणजे अर्धी पॉलिसी असते.

ते असं वाचायचं. २०२४ हे सापडल्याचं वर्ष. पुढचं इंग्रजी अक्षर पंधरवड्याचं: जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याला ए, दुसऱ्याला बी, असं करत डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याला वाय. (आय हे अक्षर वगळतात, नाहीतर ते १ या आकड्यासारखं दिसतं.) त्यापुढचं अक्षर आणि आकडा म्हणजे त्या पंधरवड्यातला अनुक्रमांक. आर हे सतरावं अक्षर, आणि ४ म्हणजे पंचवीस अक्षरांचे चार फेरे आधी होऊन गेले, म्हणून शंभर अधिक सतरा. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नोंदलेली ही ११७ वी वस्तू. म्हणजे त्याआधी त्याच पंधरवड्यात ११६ नोंदी झाल्या होत्या आणि त्यातल्या एकीनंही तुमची झोप उडवली नाही. एवढं कळलं तरी छातीतली धडधड जरा खाली येते.

मग तक्ता उघडा

नाव मिळालं की दोन ठिकाणी बघायचं. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचं ‘सेन्ट्री’ नावाचं पान आहे. पुढच्या शंभर वर्षांत पृथ्वीवर आदळण्याची अगदी नगण्य शक्यता असलेल्या वस्तूही त्या यादीत असतात. तशीच यादी युरोपियन अवकाश संस्थेचं इटलीतल्या फ्रास्काटीचं केंद्र ठेवतं. दोघांकडे जाणारी निरीक्षणं एकाच ठिकाणाहून येतात, अमेरिकेतल्या केंब्रिजच्या मायनर प्लॅनेट सेंटरमधून. पण गणित दोघं आपापलं करतात. दोन सर्व्हेअरनी वेगवेगळं मोजून जवळजवळ सारखाच आकडा दिला की मी सही करायची, इथंही तसंच.

त्या यादीत नाव नसेल तर विषय संपला. बहुतेक मेसेज इथंच गारद होतात, कारण त्यांत ‘आदळणार’ लिहिलेलं असलं तरी मूळ बातमी ‘जवळून जाणार’ एवढीच असते.

जवळून जाणाऱ्यांचा तक्ता वेगळा आहे. त्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात: गणितातून येणारं सर्वांत संभाव्य अंतर आणि शक्य तेवढं कमीत कमी अंतर. मी आधी हे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघते. सारखे असतील तर त्या दगडाची कक्षा पक्की माहीत आहे. फार वेगळे असतील तर निरीक्षणं अपुरी आहेत. अंतर चांद्र अंतराच्या मापात देतात; एक चांद्र अंतर म्हणजे सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर.

‘संभाव्य धोकादायक’ हा शब्द बातमीत हमखास येतो. ती एक फाइल लावायची खूण आहे. ज्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते आणि जो साधारण १४० मीटर किंवा त्याहून मोठा आहे, त्याच्यावर हा शिक्का बसतो. दगड आज कुठे आहे, याच्याशी त्या शिक्क्याचा काही संबंध नाही. वेगाचंही तसंच. ‘ताशी ५० हजार किलोमीटर वेगानं येतोय’ वाचून घाबरू नका, आपली पृथ्वीच ताशी एक लाखाहून जास्त वेगानं सूर्याभोवती फिरते आहे. तिकडे कुणी सावकाश चालत नाही.

टक्के वाढले म्हणजे काय झालं

इथं मात्र थांबून वाचा. माझ्या भाच्याची झोप ज्या गोष्टीनं उडाली ती ही.

२०२४ वायआर४ हा २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला सापडला. तोवर तो आपल्या सर्वांत जवळून जाऊन दोन दिवस झाले होते. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस एक टक्क्याच्या वर गेली, आणि २९ जानेवारीला आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्यानं पहिल्यांदाच अशी अधिकृत सूचना काढली. मी रोज सकाळी चहाआधी आकडा वहीत उतरवत होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर दोनच्या वर. १८ तारखेला ३.१. भाच्याचा मेसेज त्याच रात्रीचा. १९ ला १.५. २० ला ०.२८. आणि २४ ला ०.००४.

भाचा म्हणाला, ‘आधी वाढवला, मग घटवला. यांनाच काही कळत नाही.’

मी त्याला चावीचं उदाहरण दिलं. घराची चावी हरवली आहे. ती दहा ठिकाणी असू शकते. त्यातलं एक ठिकाण म्हणजे दारासमोरचं गटार. तेव्हा गटारात असण्याची शक्यता दहा टक्के. तुम्ही पर्स झटकली, ड्रॉवर उपसला, पाच ठिकाणं बाद झाली. उरली पाच, आणि गटार अजून यादीत आहे. शक्यता वीस टक्के झाली. आणखी तीन ठिकाणं बाद झाली की पन्नास. चावी या सगळ्या वेळात तसूभरही हललेली नाही. मग तुम्ही कोटाच्या खिशात हात घालता आणि चावी हाताला लागते. गटाराची शक्यता एका क्षणात शून्य.

दगडाची कक्षा अशीच मोजतात. पहिल्या काही रात्रींच्या निरीक्षणांवरून २०३२ मध्ये तो कुठे असेल याचा एक लांबच लांब पट्टा मिळतो. पृथ्वी त्या पट्ट्यात एक ठिपका असते. नवी निरीक्षणं आली की पट्टा आखूड होतो. पृथ्वी त्याच्या आत राहिली तर तिचा वाटा वाढतो, टक्के चढतात. शेवटी पट्टा पृथ्वीच्या एका बाजूला सरकून जातो आणि टक्के कोसळतात. ॲपोफिस नावाच्या लघुग्रहाचंही असंच झालं होतं. २००४ च्या डिसेंबरात त्याची २०२९ ची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली आणि मग उतरली. २०२१ मध्ये रडारनं मोजून पुढची निदान शंभर वर्षं त्याचा धोका नाही, असं जाहीर झालं. १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, टीव्हीचे उपग्रह फिरतात त्याच्याही आतून. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

तेव्हा टक्के चढताना दिसले तर त्याचा अर्थ मोजणारे कामाला लागलेत, असा घ्या. चढत जाऊन दहा, वीस, चाळीस झाले तर मात्र आपण पुन्हा बोलू.

टक्क्यांच्या शेजारी टोरिनो पट्टीचा आकडा असतो, ० ते १०. शक्यता आणि आकार दोन्ही धरून तो काढतात. वायआर४ तीनवर गेला होता, ॲपोफिस चारवर. त्याच्यावर आजवर कुणी गेलेलं नाही. या दोघांचाही आकडा पुढे शून्यावर आला. यादीतल्या बाकी जवळपास सगळ्यांचा शून्यच असतो. पालेर्मो नावाची आणखी एक पट्टी आहे, ती जाणकारांसाठी. तिच्यावर वरच्या काही स्थानांत बेन्नू नावाचा लघुग्रह असतो: २४ सप्टेंबर २१८२ ला आदळण्याची शक्यता २,७०० त एक. गंमत अशी की त्याच बेन्नूवरची माती घेऊन आलेली कुपी पृथ्वीवर उतरली तीही २४ सप्टेंबरलाच, २०२३ च्या. योगायोग आहे, उगाच त्यात काही शोधू नका.

आकारावर विश्वास ठेवण्याआधी

दुर्बिणीला दगड दिसत नाही, प्रकाशाचा ठिपका दिसतो. ठिपक्याच्या तेजावरून आकार काढतात. आता पांढरट खडक लहान असला तरी चमकतो आणि कोळशासारखा काळा खडक मोठा असूनही मंद दिसतो. म्हणून वायआर४ चा आकार सुरुवातीला ४० ते ९० मीटर असा सैल दिला होता. जेम्स वेब दुर्बिणीनं त्याची उष्णता मोजली तेव्हा तो ६० मीटरच्या आसपास निघाला. मेसेजमध्ये ‘९० मीटर’ असा एकच आकडा असेल तर कुणीतरी वरचं टोक उचललं आहे. क्लेममध्येही लोक हेच करायचे.

साधारण हिशेब असा. वीस मीटरचा दगड हवेतच फुटतो आणि काचा फोडतो. पन्नास-साठ मीटरचा एखादं शहर उद्ध्वस्त करू शकतो. १४० मीटरचा एक मोठा प्रदेश, एक किलोमीटरचा अख्ख्या जगाचं हवामान बिघडवू शकतो. आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या चिक्सुलुबला पडलेला, डायनासोरांना संपवणारा, सुमारे दहा किलोमीटरचा होता. आकार जेवढा मोठा तेवढी पाळी दुर्मीळ. एक किलोमीटरच्या वरचे ९५ टक्क्यांहून जास्त सापडले आहेत आणि त्यांपैकी कुणी पुढच्या शतकभरात आपल्या वाटेवर नाही. घोर मधल्यांचा आहे, त्याबद्दल पैशांच्या भागात बोलते.

खरंच लख्ख प्रकाश पडला तर

खिडकीकडे धावू नका. एवढंच.

१५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड जमिनीपासून सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुटला. हिरोशिमाच्या बॉम्बच्या तीसेक पट शक्ती. प्रकाश क्षणात पोचला, धक्क्याची लाट शहरात पोचायला दोनेक मिनिटं लागली. मधल्या वेळात लोक ‘काय झालं’ बघायला खिडक्यांपाशी जमले आणि मग काचा फुटल्या. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. एका शाळेत चौथीच्या बाईंनी ४४ मुलांना बाकांखाली घातलं. मुलांना ओरखडा उठला नाही, बाई स्वतः काचेनं कापल्या. मी शेकडो अपघातांचे अहवाल वाचलेत. दोन मिनिटांचा एवढा चांगला उपयोग फार थोड्यांत वाचला.

लहानशा दगडांची आता आधी सूचनाही मिळू लागली आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये चारेक मीटरचा २००८ टीसी३ सापडला आणि सुमारे वीस तासांनी सुदानच्या वाळवंटावर फुटला. त्याचे तुकडे नंतर लोकांनी वाळूत चालत शोधून काढले. आकाशात आधी बघितलेला दगड हातात घेता येण्याची ती पहिलीच वेळ. पण तसे दिसतात ते रात्रीच्या बाजूनं येणारे. चेल्याबिन्स्कचा सूर्याच्या बाजूनं आला, आणि दिवसा दुर्बिणी आंधळ्या असतात.

हप्ता कोण भरतो आणि किती

कुठल्याही जोखमीचा माझा पहिला प्रश्न: हप्ता किती, आणि कशाकशाचा? ‘पृथ्वीच्या रक्षणासाठी अमुक कोटी’ अशी बातमी आली की ते पैसे तीन डब्यांत वाटून बघा. शोधणं, मोजणं, ढकलणं. बातम्या तिसऱ्या डब्याच्या येतात, कारण त्यात धडक असते.

ती धडक आठवत असेल. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट हे यान डायमॉर्फॉस नावाच्या साधारण १५० ते १६० मीटरच्या दगडावर सेकंदाला सहा किलोमीटर वेगानं मुद्दाम आदळवलं. तो दगड डिडिमॉस या मोठ्या दगडाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारायचा. ती सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. खर्च सुमारे ३२ कोटी डॉलर. आणि दगडाच्या वेगात फरक किती पडला? सेकंदाला २.७ मिलिमीटर. मुंगी याहून जोरात चालते.

आता हा हिशेब कागदावर करून बघा, मी भाच्याला करायला लावला. दगडाचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटरनं बदलला. दहा वर्षांत साडेएकतीस कोटी सेकंद असतात, म्हणजे दगड ३,१५० किलोमीटर सरकला. प्रत्यक्षात कक्षेचा काळच बदलत असल्यानं सरकणं याच्या तिपटीच्या घरात जातं, सुमारे साडेनऊ हजार किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर. दगड चुकला! हेच काम धडकेच्या एक वर्ष आधी करायचं तर दहापट जोराचा धक्का हवा, आणि एक महिना आधी कळलं तर लोकांना हलवण्यापलीकडे काही करता येत नाही. ढकलण्याचा खर्च किती येणार हे कधी सापडतो त्यावर ठरतं. म्हणून पहिला डबा भरलेला आहे का, ते मी आधी बघते.

तो नेहमी अर्धा असतो. अमेरिकेच्या काँग्रेसनं २००५ मध्ये कायदा केला: १४० मीटरच्या वरचे ९० टक्के लघुग्रह २०२० पर्यंत शोधा. नासाच्याच लेखापरीक्षकांच्या अहवालानुसार २००९ मध्ये या कामाला वर्षाला ४० लाख डॉलर होते, २०१४ मध्ये ४ कोटी झाले. २०२० आलं आणि गेलं. या आकाराचे अंदाजे २५ हजार असावेत, त्यांतले अजून निम्म्याहून जास्त सापडायचे आहेत.

उरलेल्यांसाठी निओ सर्व्हेअर नावाची दुर्बीण बनते आहे. आरसा जेमतेम अर्ध्या मीटरचा, पण ती उष्णता बघते, म्हणून काळे दगडही तिच्यापासून लपत नाहीत. ती पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवर बसून सूर्याच्या बाजूच्या आकाशातही लक्ष ठेवणार, जमिनीवरून जिथं बघताच येत नाही तिथं. ती २०२६ मध्ये उडायची होती. २०२३ च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात तिचा पैसा कापला, तारीख २०२८ च्या मध्यापर्यंत ढकलली आणि नासानं कबूल केलेला खर्च १२० कोटी डॉलर ठरला. आधी अंदाज निम्म्याच्या आसपास होते. सगळी वाढ उशिरामुळे झाली असं मी म्हणणार नाही. पण थकलेला हप्ता दंडासकट भरावा लागतो, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको.

चिलीत ८.४ मीटरच्या आरशाची व्हेरा रुबिन वेधशाळा सुरू झाली आहे. जून २०२५ मध्ये तिनं पहिल्या दहाएक तासांच्या निरीक्षणांतच दोन हजारांवर नवे लघुग्रह दाखवले, त्यांतले सात पृथ्वीच्या आसपासचे. उलट मोजण्याच्या डब्यातली सर्वांत जबरदस्त वस्तू आपण गमावली. प्वेर्तो रिकोमधली अरेसिबोची रडार दुर्बीण १ डिसेंबर २०२० ला कोसळली, आणि ती पुन्हा बांधायची नाही असं ठरलं. ॲपोफिससारख्याची भीती रडारनंच घालवली होती, हे लक्षात घ्या.

‘मग लोकवर्गणी काढू या’ असं कुणीतरी म्हणतंच. काढून झाली आहे. बी६१२ फाउंडेशन या खासगी संस्थेनं २०१२ मध्ये सेन्टिनेल नावाची अवकाश दुर्बीण देणग्यांतून पाठवायचं जाहीर केलं. सुमारे ४५ कोटी डॉलर लागणार होते. जमले नाहीत. नासानं या कामासाठी केलेला मदतीचा करार २०१५ मध्ये संपवला आणि पुढे ती योजनाच गुंडाळली गेली. एवढ्या रकमा सरकारांच्याच आवाक्यातल्या आहेत. लहान रकमांचा उपयोग वेगळीकडे होतो: प्लॅनेटरी सोसायटी ही अमेरिकेतली संस्था १९९७ पासून शूमेकर अनुदान देते, त्यातून हौशी निरीक्षकांना चांगला कॅमेरा किंवा आरसा मिळतो. देणगी द्यायचीच असेल तर अशा ठिकाणी द्या. ‘पैसे भरा, लघुग्रहाला तुमचं नाव देऊ’ म्हणणाऱ्याला देऊ नका. लघुग्रहाचं नाव विकत मिळत नाही. कक्षा पक्की होऊन त्याला क्रमांक मिळाला की शोधणारा नाव सुचवतो आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती ते मान्य करते.

मला खुपतं ते दुसरंच. वायआर४ पडला असता तर कुठे, याचा पट्टा तेव्हा जाहीर झाला होता: पूर्व पॅसिफिक, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र, दक्षिण आशिया. तो शोधणारी दुर्बीण कुणाच्या पैशावर चालते? मुख्यतः एकाच देशाच्या, अमेरिकेच्या. विमा कंपनीत असा एक गट असला असता, ज्यात शंभर घरांना संरक्षण आणि हप्ता एकाच घराचा, तर मी फाइलवर लाल शेरा मारला असता. त्या एका घरानं उद्या हात आखडता घेतला तर? युरोपनं आता आपला वाटा उचललाय: डायमॉर्फॉसची जखम बघायला हेरा हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं आहे. तुमच्या लोकप्रतिनिधीला प्रश्न विचारायची संधी मिळाली तर ‘लघुग्रहाचं काय करताय’ असं विचारू नका, हसण्यावारी नेतील. असं विचारा: आपल्या कुठल्या दुर्बिणी मायनर प्लॅनेट सेंटरला निरीक्षणं पाठवतात, आणि त्यांना या कामासाठी वर्षाला किती रात्री मिळतात? रात्रींचा हिशेब द्यावा लागला की माणूस गंभीर होतो.

आणि स्वतः शोधायचं असेल तर

दुर्बीण लागत नाही. एक बरा संगणक, इंटरनेट आणि चिकाटी लागते. इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन हा उपक्रम मोहिमा चालवतो. गट करून नाव नोंदवायचं, शुल्क नाही. मोहीम सुरू झाली की हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो येतात, आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळानं काढलेले चार. ते ॲस्ट्रोमेट्रिका या प्रोग्रॅममध्ये उघडायचे. प्रोग्रॅम ताऱ्यांच्या यादीशी फोटो जुळवून घेतो आणि तुम्ही ‘ब्लिंक’ दाबलं की चारही फोटो एकामागोमाग झरझर दाखवत राहतो.

तारे जागच्या जागी राहतात. कॅमेऱ्याचे दोष इथं तिथं लुकलुकतात. आणि कधीतरी एक फिकट ठिपका चार पावलं टाकतो, सरळ रेषेत, सारख्या अंतरानं. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

खोली अंधारी ठेवा आणि फोटोचा काळा-पांढरा उलटा करून बघा, पांढऱ्यावर काळा ठिपका डोळ्यांना सोपा पडतो. फोटो मोठा करून एका कोपऱ्यातून सुरुवात करा आणि शेतात नांगर धरावा तशा ओळी पाडत जा. मन मानेल तिथं उड्या मारल्या तर तेच तेच भाग पुन्हा बघितले जातात. ठिपका मिळाला की चारही फोटोंत त्याच्यावर क्लिक करायचं. प्रत्येक वेळी एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात तेजाची वक्ररेषा असते. घंटेसारखी गोलाई हवी. सुईसारखं एकच टोक वर आलं असेल तर तो कॅमेऱ्याचा बिघडलेला ठिपका. आधी माहीत असलेले लघुग्रह प्रोग्रॅम दाखवतो, ते सोडून उरलेल्यांचा अहवाल करायचा. मिळतात ते बहुतेक मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातले, आपल्याला काही न करणारे. त्यानं हिरमुसू नका. कोण निरुपद्रवी आहे ही यादी भरल्याशिवाय उपद्रवी वेगळा काढता येत नाही.

माझी फजिती सांगते. दुसऱ्याच मोहिमेत मला तीन फोटोंत एक ठिपका मिळाला. सरळ रेषा, सारखी अंतरं, यादीत नाही. चौथ्या फोटोत तिथं काही नव्हतं. पण पहिल्या तीनवरून तो कुठे असायला हवा हे मला दिसत होतं. मी त्या जागी क्लिक केलं, खिडकीत आलेल्या खडबडीत रेषेकडे काणाडोळा केला आणि अहवाल पाठवला. काही दिवसांनी परत आला. चौथ्या ठिकाणी नुसता खडखडाट आहे, आणि पहिले तीनही कॅमेऱ्याचे दोष, योगायोगानं एका रेषेत आलेले.

तीस वर्षं मी लोकांना नेमकं हेच करताना पकडलं होतं. तीन पावत्या खऱ्या असायच्या आणि चौथी ‘असणारच’ म्हणून घरी बनवलेली. त्या दिवसापासून मी चौथा फोटो आधी उघडते आणि उलटं मागे येते.

भाचाही आता आमच्या गटात आहे. परवा पुन्हा साडेअकराला त्याचा मेसेज आला: ‘मावशी, मिळाला! यादीत नाहीये!’ खाली तीन फोटो.

मी लिहिलं, ‘चौथा पाठव.’